बुटांचं कलम

मामांच्या घरात कायदे करायचा अधिकार मामींकडे होता. त्यांनी आजवर फारसे कायदे केले नव्हते, पण जे केले ते कडक. त्यातला सगळ्यात कडक म्हणजे, जेवणाच्या टेबलावर कोर्ट आणायचं नाही. तशी वेळच आली होती. मामा वकील, वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची भाची वकील, आणि या वर्षी दोघं एकाच खटल्यात उभे होते, तेही समोरासमोर. मामा बोट क्लबच्या बाजूनं, भाची तलाव मंडळाच्या बाजूनं. सकाळी दोघं एकाच गाडीतून कोर्टात जायचे, दिवसभर एकमेकांचे मुद्दे खोडून काढायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरी यायचे. गाडीत मामींचा कायदा लागू नव्हता, तरी दोघंही खटल्याबद्दल चकार शब्द काढत नसत. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल मात्र दोघांचं कायम एकमत असे.

भाचीला घरात चिमी म्हणत. कोर्टात तिला चिमी म्हणायची अर्थातच कुणाची टाप नव्हती. मामांची एकदा भर सुनावणीत जीभ घसरली होती, "चिमे, तो कागद दे," असं ते म्हणून गेले होते, आणि चिमीनं तो कागद शांतपणे शिपायाच्या हाती देऊन, "माझ्या विद्वान मित्रांना हा द्या," असं सांगितलं होतं. त्या दिवशी गाडीत मामा खड्ड्यांबद्दलसुद्धा बोलले नाहीत.

खटला कशाचा होता, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. डोंगरापलीकडे एक तलाव होता, एके काळी अगदी मामांच्या गावच्या तलावासारखाच नितळ. तिथं कुठल्या तरी लांबच्या पाण्यातून आलेल्या होडीच्या बुडाला चिकटून एक परका शिंपला आला. नखाएवढा जीव, अंगावर तपकिरी पट्टे, दिसायला अगदी गोजिरवाणा. पण भस्म्या झालेला. माशांच्या पिल्लांनी जे खायचं ते पाण्यातलं बारीक बारीक अन्न हा गाळून गाळून फस्त करतो, आणि दगडाला, लाकडाला, नळाला, शेवटी एकमेकांना चिकटून वाढतच राहतो. काही उन्हाळ्यांतच त्या तलावाची रया गेली. मासे कमी झाले, पाणीपुरवठ्याचे नळ तुंबले, आणि काठावर अनवाणी पाय टाकायची सोय राहिली नाही, कारण त्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. आणि एकदा आला की तो जात नाही. त्याला हाकलायचा कायदा कुणालाच करता येत नाही. येऊ न देण्याचा तेवढा करता येतो.

तो चिमीनं करून घेतला. करून घेतला म्हणणं सोपं आहे. ती कोळ्यांच्या सोसायटीत जाऊन बसली, होड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या शेडमध्ये उभी राहून तिनं बोलणी खाल्ली, मंडळाच्या सभांमध्ये तेच ते प्रश्न आणि तेच ते टोमणे ऐकले, आणि कुणावर एकदाही आवाज चढवला नाही. मंडळातल्या म्हाताऱ्या सभासदांना वाटायचं, ही आता कंटाळेल. ती पुढच्या सभेला त्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. शेवटी कायदा झाला, आणि तिनं तो असा लिहिला की होड्या पाण्यात सोडायच्या उतारावरच्या एका पाटीवर सबंध मावला: बाहेरच्या पाण्यातून आलेली होडी रिकामी करा, कढत पाण्यानं धुवा, कोरडी करा, धुलाई केंद्राची चिठ्ठी दाखवा, मगच आत या. उतारावर एक साखळी होती. चिठ्ठी दाखवल्याशिवाय ती निघत नसे.

बोट क्लबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दर हंगामात त्यांच्या शर्यतींना चारी बाजूंनी होड्या यायच्या, पलीकडच्या तलावातूनही. त्या सगळ्या केंद्रापुढे रांगा लावून उभ्या राहणार म्हटल्यावर क्लबचे अध्यक्ष थेट कोर्टात गेले. कायदा मनमानी आहे, तो रद्द करा, निदान हंगामापुरता थांबवा, ही त्यांची मागणी. कोर्टानं तो थांबवला असता तर साखळी निघाली असती, होड्या पलीकडून थेट पाण्यात आल्या असत्या, आणि पुढचं कुणी सांगायला नको.

मग मामांनी हे वकीलपत्र घेतलंच कसं? चिमीनं त्यांना जिन्यात गाठून हेच विचारलं होतं. कारण मामांचा त्या तलावावर किती जीव होता ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घर काठावरच होतं. मागच्या अंगाला लाकडी धक्का होता. रोज सकाळी मामा लांब रबरी बूट चढवून धक्क्याशेजारी गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभे राहायचे. मासे त्यांना ओळखत असावेत, कारण गळाला क्वचितच लागत. मामी म्हणायच्या, "हे मासे धरायला जात नाहीत, मला चुकवायला जातात." पण मामांना तो तासभर मिळाला नाही तर दिवसभर त्यांचं डोकं ठिकाणावर नसे.

"तलाव माझा आवडता आहे गं," मामा जिन्यात म्हणाले होते. "तुझा कायदा नाही. तो लंगडा आहे. आवडत्या गोष्टीसाठी केलेला लंगडा कायदासुद्धा लंगडाच."

"कुठं लंगडा आहे?"

"ते कोर्टात सांगेन."

बोलून गेले खरे, पण कायदा कुठं लंगडा आहे ते त्यांना तरी कुठं नेमकं सापडलं होतं! नुसतं जाणवत होतं. आणखी एक गोष्टही होती, ती ते मामींजवळसुद्धा बोलले नसते. आपल्या हाताखाली शिकलेली पोर आता किती पाण्यात आहे, ते त्यांना समोर उभं राहून बघायचं होतं.

मामांचं एक तत्त्व होतं, चिमीलाही त्यांनी तेच शिकवलं होतं: जागा पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हणून सुनावणीच्या आधीच्या रविवारी ते पलीकडच्या तलावावर गेले. बूट घालून पाण्यात उतरले, बांधलेल्या होड्यांची बुडं चाचपून पाहिली, तिथल्या माणसांशी बोलले, संध्याकाळी परत आले आणि बूट मागच्या दारात खुंटीला अडकवले. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे तेच ओलसर बूट चढवून आपल्या धक्क्यापाशी पाण्यात उभे राहिले. आणि तिथं, गळाकडे बघता बघता, त्यांना तो मुद्दा सापडला. आनंदानं त्यांचा तोल जायचाच बाकी होता. मामींनी खिडकीतून विचारलं, "मासा लागला की काय?" मामा म्हणाले, "मासा कसला, अख्खा खटला लागला."

आता ही चूक वकीलच करू जाणे. दुसऱ्या कुणी आपल्या पायांकडे पाहिलं असतं तर तो तसाच उलटा पाण्याबाहेर पळाला असता. मामांना पायात मुद्दा दिसला. ते पाय कुठं उभे आहेत, ते काही दिसलं नाही.

मंगळवारी मामा बूट कापडी पिशवीत घालून कोर्टात निघाले. गाडीत चिमीनं पिशवीकडे पाहिलं, मामांनी खिडकीबाहेर पाहिलं.

कोर्टाची खोली लहान होती. एक खिडकी रंग लावताना जी चिकटली होती ती कायमचीच, आणि पंखा मनाला येईल तसा फिरे. न्यायाधीशबाईंना पेन्सिलीला टोक करत ऐकायची सवय होती. नवे वकील समजायचे की त्यांचं लक्ष नाही, आणि फसायचे. मागच्या बाकावर मंडळाच्या तज्ज्ञ बसल्या होत्या, काचेच्या बरणीत ते पट्टेरी शिंपले घेऊन. त्यांना सगळं कोर्ट शिंपलेवाल्या बाई म्हणायचं आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

मामा उठले, पिशवीतून बूट काढले आणि टेबलावर एकमेकांशेजारी उभे केले.

"वकीलसाहेब, हे इथं ठेवायलाच हवेत का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हेच माझे अशील आहेत म्हणा ना, युवर ऑनर," मामा म्हणाले. त्यांना अगदी रंग चढला होता. "होडी धुवा, असं हा कायदा म्हणतो. या बुटांबद्दल काय म्हणतो? काही नाही. परवा हे बूट पलीकडच्या तलावात गुडघाभर पाण्यात होते. कुणी अडवलं नाही, कुणी चिठ्ठी मागितली नाही. शिंपल्याला होडी आणि बूट यांतला फरक कळत नाही. कायद्याला मात्र तो बरोबर कळतो. मग हा कायदा शिंपल्यांविरुद्ध आहे की होडीवाल्यांविरुद्ध?"

मागं हशा पिकला. क्लबच्या अध्यक्षांना आकाश ठेंगणं झालं. मामांनी मोठ्या ऐटीत चिमीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या बुटांकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामांना वाटलं, निरुत्तर झाली. क्षणभर त्यांना वाईटही वाटलं.

चिमी उठली.

"युवर ऑनर, माझ्या विद्वान मित्रांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे," ती म्हणाली. "कायदा अपुरा आहे. बूट, जाळी, दोर, बादल्या, हे सगळं त्यात यायला हवं होतं. मसुदा माझा होता, चूक माझी आहे. पण छप्पर गळतंय म्हणून कुणी घर पाडत नाही. छप्पर शाकारायला मला दोन दिवस द्यावेत." मग ती थांबली. तिला एरवी शब्दासाठी थांबावं लागत नसे. "आणि ते बूट आता कुणी हलवू नयेत. मला एक गोष्ट विचारायची आहे. तो अधिकार मला नाही, कारण माझे विद्वान मित्र साक्षीदार नाहीत. तरी विचारते. पलीकडून आल्यावर हे बूट आपल्या तलावात उतरले का?"

न्यायाधीशबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"वकीलसाहेब, उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते माहीत आहेच."

मामांना ते माहीत होतं. काल सनद मिळालेल्या पोरालाही माहीत असतं. बूट पिशवीत घालायचे, खाली बसायचं, आणि मुद्दा शाबूत. मागून अध्यक्ष त्यांचा गाऊन ओढत होते. पण मामांच्या डोळ्यांसमोर सोमवारची सकाळ उभी राहिली, गळ, खिडकीतल्या मामी, आणि गुडघ्याभोवतीचं पाणी. टेबलाची कड धरून ते उभे राहिले.

"उतरले," मामा म्हणाले. "काल सकाळी. माझ्या घरामागच्या धक्क्यापाशी. मीच घातले होते."

न्यायाधीशबाईंच्या परवानगीनं शिंपलेवाल्या बाई पुढे आल्या. त्यांनी बूट आडवा केला, चिमट्यानं तळव्याच्या खाचांतला चिखल एका बशीत काढला आणि भिंगाखाली धरला. सगळं कोर्ट त्यांच्या पाठीकडे बघत होतं. बाईंना घाई माहीतच नव्हती.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "मोहरीएवढा."

"मेलेला?" मामांनी विचारलं. वकील म्हणून नाही, नुसतंच विचारलं.

"नाही हो. चांगला जिवंत आहे."

मामांनी गाऊन सारखा केला. "युवर ऑनर, मी आता या खटल्यात साक्षीदार झालो. साक्षीदाराला वकील राहता येत नाही. माझ्या अशिलांनी दुसरा वकील पाहावा, आणि त्यांना त्यासाठी वेळ मिळावा, एवढी माझी शेवटची विनंती." मग ते अध्यक्षांकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचा मुद्दा अजून जिवंत आहे. मी मात्र कामातून गेलो."

त्या संध्याकाळी गाडीत खड्डे आले आणि गेले. जेवताना मामींनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, पोळीचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आज टेबलावर कोर्ट आणलंत तरी चालेल."

"आणायला काही उरलं नाही," मामा म्हणाले. "सगळं तिथंच सांडून आलोय."

चिमीनं घास ताटात ठेवला. "मामा, मला ते विचारणं भागच होतं."

"नसतं विचारलंस," मामा म्हणाले, "तर ही माझ्याकडे शिकली असं मी पुन्हा कुणाला सांगितलं नसतं." आणि त्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली, जी ते कधीच कुणाला वाढत नसत.

पुढच्या सुनावणीला मामा मागच्या बाकावर, शिंपलेवाल्या बाईंच्या शेजारी बसले. इतकी वर्षं कोर्टात काढली, पण चिमीला नुसतं ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आधी ती त्यांच्या हाताखाली होती, मग समोर. तिचं प्रत्येक वाक्य कुठं कापायचं हेच ते बघत आले होते. आज कापायचं काही नव्हतं. ती बोलत होती आणि मामा ऐकत होते.

तिनं त्या दोन दिवसांत छप्पर खरंच शाकारलं होतं. पोहणाऱ्यांना, गळवाल्यांना, विहिरी उपसणाऱ्यांना, धुलाई केंद्रावरच्या माणसांना, सगळ्यांना तिनं एकच विचारलं होतं: तुमचं काय काय ओलं होतं? आणि मग सगळी यादीच फेकून देऊन एक ओळ लिहिली होती. एका पाण्यात भिजलेली आणि दुसऱ्या पाण्यात जाणारी कोणतीही वस्तू. बस्स. मामांनी ती ओळ मनात उलटीपालटी करून पाहिली. फट सापडेना.

क्लबचा नवा वकील तरुण होता, त्याचे बूट चकचकीत होते. त्यानं विचारलं, "कोणतीही वस्तू म्हणजे कुत्रासुद्धा का? कुत्र्यावरही कढत पाणी ओतणार?"

"कुत्रासुद्धा," चिमी म्हणाली. "पण त्याला टॉवेलनं कोरडा केला की पुरे. मसुद्याच्या खालच्या ओळीत ते लिहिलंय."

न्यायाधीशबाई हसल्या. चिमी हसली नाही. तिनं पुढचा कागद काढला. क्लबची रांगेची तक्रार बरोबर आहे, ती म्हणाली, शर्यतीच्या आधी होडीवाल्यांचे हाल होतील. म्हणून मंडळ दुसरं धुलाई यंत्र बसवेल आणि प्रत्येक होडीला आधीच वेळ नेमून देईल. विरुद्ध पक्षाचं जे खरं आहे ते त्यांनी मागायच्या आधीच तिनं देऊन टाकलं. मामांना हे कधी जमलं नव्हतं. ते हातचं राखून लढत आले होते, आणि बरेच खटले जिंकलेही होते. पण असा खटला ते लढले नव्हते. त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. शिंपलेवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "बरं वाटत नाही का?" मामा म्हणाले, "फार बरं वाटतंय हो."

निकाल मंडळाच्या बाजूनं लागला. साखळी राहिली. नवी ओळ कायद्यात गेली, आणि गावानं तिचं नाव ठेवलं बुटांचं कलम. निकालात शेवटी आणखी एक परिच्छेद होता, तो चिमीनंच मागितला होता. मामांचा धक्का हंगाम संपेपर्यंत बंद. तिथून कुणी पाण्यात उतरायचं नाही, काही बुडवायचं नाही. धक्क्याला पाण्यात एक फरशी टांगायची आणि दर आठवड्याला ती वर काढून तपासायची. कारण एक शिंपला बुटात सापडला होता. पण बुटातून आधीच किती पाण्यात गेले असतील, ते कोण सांगणार?

झालं. चिमीनं धक्क्यावर दोरी बांधली, तिच्यावर मंडळाची शिक्क्याची पट्टी लावली आणि काळ्या फरशीचा तुकडा पाण्यात सोडला. पट्टेरी शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, हे शिंपलेवाल्या बाईंनी समजावून सांगितलं. ती बोटांना कळतात. फरशी गुळगुळीत लागली तर ठीक. खरखरीत लागली, सँडपेपरसारखी, तर समजायचं की ते आले. आणि एका धक्क्यापाशी आले म्हणजे सगळ्या तलावात आले.

मामांची पाचावर धारण बसली ती तेव्हापासून. सकाळी त्यांना जाग नेहमीच्या वेळी यायची आणि करायला काहीच नसायचं. मासे धरण्याच्या नावाखाली ज्यांना चुकवायचं त्या मामींच्याच मागं मागं ते स्वयंपाकघरात फिरायचे, आणि मामी त्यांच्या हातात निवडायला भाजी द्यायच्या. गावात कुणी केंद्रावर बूट काढताना चेष्टेनं म्हणायचं, "वकीलसाहेब, तुमच्या कृपेनं हे करतोय बरं का." मामा हसायचे. घरी येऊन मात्र म्हणायचे, "लोकांना गंमत वाटते. पाणी खराब झालं तर तलावाचं वाटोळं कुणी केलं म्हणतील? मीच केलं म्हणतील, आणि खरं तेच म्हणतील." खोटा धीर द्यायचा मामींचा स्वभाव नव्हता.

दर शनिवारी चिमी धक्क्यावर जायची. मामा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहायचे. स्वतः जाऊन फरशीला हात लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं. चिमी गुडघे टेकून बसायची, दोर ओढायची, फरशी मांडीवर घ्यायची आणि बोटं फिरवायची, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग कडांवरून. तिला घाईच्या सुनावण्या असोत की ताप असो, एकाही बाजूवरून हात फिरवणं तिनं कधी उरकून टाकलं नाही. मग ती खिडकीकडे बघून म्हणायची, "गुळगुळीत." आणि मामांचा जीव भांड्यात पडायचा, पुढच्या शनिवारपुरता.

एका शनिवारी तिचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं. पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं. ती वाकून बघू लागली. खिडकीत मामांनी शेजारी उभ्या मामींचा हात इतका घट्ट धरला की त्यांची बांगडी रुतली. चिमीनं फोन लावला, शिंपलेवाल्या बाई आल्या, त्यांनी भिंग लावलं. गोगलगायीची अंडी निघाली, याच तलावातली. मामा खुर्चीत बसले. मामींनी बांगडी वर सारली आणि चहा टाकला.

पाणी गार पडू लागलं. शिंपल्यांची वीण थांबण्याचा काळ आला, आणि मग शेवटचा शनिवार. त्या दिवशी मामा पहाटेच उठून कुठंसं जाऊन आले आणि विचारलं तर, "पाय मोकळे करायला," म्हणाले. मग सगळेच धक्क्यावर जमले. चिमी, शिंपलेवाल्या बाई, मामी, आणि पहिल्यांदाच मामाही. त्यांचे बूट कोर्टानं केव्हाच परत केले होते आणि मागच्या दारात खुंटीला कोरडेठाक लटकत होते.

चिमीनं दोर ओढला. फरशी वर आली, हिरवट, पाणी गळणारी. बाईंनी सगळीकडून बोटं फिरवली आणि काही न बोलता ती चिमीकडे दिली. चिमीनं फिरवली आणि मामांपुढे धरली.

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

मामांनी डोळे मिटून हात ठेवला. शेवाळ लागलं, गार लागलं. एक बाजू, दुसरी बाजू, कडा.

"गुळगुळीत," मामा म्हणाले. मामी धक्क्याच्या फळीवर मटकन बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

थोड्या वेळानं मामांनी विचारलं, "चिमे, खरखरीत निघाली असती तर?"

"तर मी तुमच्यावर दावा लावला असता," चिमी म्हणाली.

"तसा विचार केला होतास?"

"मसुदा तयार आहे. मामीला वाचून दाखवला होता."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "हिनं नुसता हलगर्जीपणा लिहिलं होतं. मी म्हटलं, घोर हलगर्जीपणा लिही."

"जेवणाच्या टेबलावर?"

"छे. ओट्यापाशी उभं राहून."

मामा हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही थांबेना. रोज सकाळी आपल्याला चहाचा कप आणून देणारी पोर आपल्याविरुद्धचा दावा तयार ठेवून बसली होती, आणि ज्या बाईबरोबर जन्म काढला तिनं तो आणखी कडक करून दिला होता. त्यांना वाटलं, तलावाला याहून चांगले वकील मिळणार नाहीत. तसं ते म्हणालेही. "पोरी, मी पुष्कळ खटले जिंकलो गं. पण मला अभिमान वाटावा असा एकच, आणि तो मी हरलेला आहे." चिमीनं मान खाली घातली. कौतुक ऐकायची तिला मामांकडून सवय नव्हती.

मग मामा आत जाऊन बूट चढवून आले आणि गळ खांद्यावर टाकून दोरीपाशी उभे राहिले.

"मामा," चिमी म्हणाली, "चिठ्ठी?"

शिंपलेवाल्या बाईंना वाटलं, ही गंमत करतेय. पण मामांनी शर्टाच्या खिशातून धुलाई केंद्राची चिठ्ठी काढली. पहाटे पाय मोकळे करायला ते बूट घेऊन तिथं गेले होते, फरशी वर यायच्या आधीच, काय निघेल ते माहीत नसताना. चिमीनं चिठ्ठी घेतली. तारीख वाचली, शिक्का पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली, मामांच्या बुटांचे तळवे एकेक करून वर करायला लावले आणि खाचांवरून बोट फिरवलं. मामा एका पायावर, मामींच्या खांद्याचा आधार घेऊन, निमूट उभे राहिले.

मग तिनं मंडळाची पट्टी फाडली आणि दोरी सोडली.